सनद हिरावलेले डॉक्टर आणि नगरची छावणी

धागा 🧵

१/
सप्टेंबर १९३९. युरोपात दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले आणि काही दिवसांतच अहमदनगरच्या लष्करी छावणीत, काटेरी तारांच्या आड, जर्मन माणसे आणली जाऊ लागली. त्यांत व्यापारी होते, मिशनरी होते, अभियंते होते, नाझी पक्षाचे उघड सभासदही होते. आणि त्याच कुंपणात हिटलरच्या छळातून जीव वाचवून हिंदुस्थानात आलेले ज्यूही होते.

२/
जर्मनीने ज्यांना ‘ज्यू’ म्हणून हाकलले, त्यांना इंग्रज सरकारने ‘जर्मन’ म्हणून कोंडले. तिसगावहून करंजीचा घाट ओलांडून नगरला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ही गोष्ट ठाऊक असेल? आजचा धागा या निर्वासितांमधल्या एका वर्गाविषयी आहे. तो वर्ग म्हणजे डॉक्टर. त्यांची सनद कशी गेली, जगाने त्यांना कसे वागवले आणि आपण कसे वागवले, ते क्रमाने पाहू.

३/
प्रथम जर्मनी. १९३३ साली तेथे ज्यू वंशाचे सुमारे ८ हजार डॉक्टर होते. देशाच्या लोकसंख्येत ज्यूंचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. हे पाहता आकडा फार मोठा वाटतो. त्याला कारण आहे. सरकारी नोकरी, सैन्य, विद्यापीठांतील वरची पदे ही दारे ज्यूंना पिढ्यान्‌पिढ्या बंद किंवा अर्धवट उघडी होती. वैद्यकी हा स्वतंत्र व्यवसाय होता. तेथे हुशारी आणि कष्ट यांच्या बळावर उभे राहता येत असे.

४/
३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. १ एप्रिलला ज्यू दुकाने, वकील आणि डॉक्टर यांच्यावर देशभर बहिष्कार पुकारण्यात आला. ७ एप्रिलच्या कायद्याने सरकारी सेवेतील ज्यूंची उचलबांगडी सुरू झाली. त्यात सरकारी रुग्णालये आणि विद्यापीठेही आली. त्याच महिन्याच्या अखेरीस ज्यू डॉक्टरांना आजारविम्याच्या निधीतून मिळणारे काम बंद करण्याचा हुकूम निघाला.

५/
हा शेवटचा घाव सर्वांत खोल होता. जर्मनीत कामगारांचा आणि सामान्य नोकरदारांचा औषधोपचार आजारविम्यातून होत असे. विम्याच्या यादीतून नाव गेले की दवाखान्यातील रोगी गेले. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना सुरुवातीला सूट होती. ज्यांनी कैसरसाठी खंदकांत जखमा बांधल्या होत्या, त्यांना वाटले, आपण वाचलो. ती सूटही पुढे काढून घेण्यात आली.

६/
सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे आले आणि ज्यूंचे नागरिकत्वच दुय्यम ठरले. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाला. व्हिएन्ना ही त्या काळी वैद्यकशास्त्राची पंढरी मानली जाई, आणि तेथील निम्म्याहून अधिक डॉक्टर नाझी व्याख्येनुसार ज्यू ठरत होते. जर्मनीत जे पाच वर्षांत झाले, ते व्हिएन्नात काही आठवड्यांत झाले.

७/
मग अखेरचा हुकूम. २५ जुलै १९३८ च्या आदेशानुसार ३० सप्टेंबर १९३८ रोजी सर्व ज्यू डॉक्टरांची सनद रद्द झाली. जेमतेम ७०० जणांना फक्त ज्यू रुग्णांवर उपचार करण्याची मुभा राहिली. पण ‘डॉक्टर’ हा शब्द त्यांना वापरता येत नव्हता. त्यांना ‘क्रांकनबेहांडलर’, म्हणजे ‘रुग्णांवर उपचार करणारा’, असे नवे नाव देण्यात आले. दारावरची पाटी निळी, तिच्यावर पिवळे वर्तुळ आणि त्यात डेव्हिडचा तारा.

८/
येथे एक अप्रिय सत्य नोंदवले पाहिजे. हे सारे केवळ हिटलरच्या इच्छेने झाले नाही. जर्मन वैद्यकीय संघटनांनी त्यात उत्साहाने भाग घेतला. तरुण ‘आर्य’ डॉक्टरांना रिकाम्या होणाऱ्या जागा आणि रोगी हवे होते. पुढे जर्मनीतील सुमारे ४५ टक्के डॉक्टर नाझी पक्षाचे सभासद झाले. सुशिक्षित व्यवसायांत हे प्रमाण फार मोठे होते. सहकाऱ्याच्या दारावरची पाटी उतरताना पाहणाऱ्यांत त्याच्याच वर्गातले सोबती होते.

९/
आता प्रश्न, जायचे कोठे? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियां येथे ३२ देशांची परिषद भरली. सहानुभूतीची भाषणे भरपूर झाली. दारे मात्र फारशी उघडली नाहीत. डॉक्टरांची अडचण तर दुहेरी होती. शिंपी किंवा सुतार देश बदलला तरी दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. डॉक्टरला देशात प्रवेश मिळाला तरी नोंदणी मिळेलच असे नाही. आणि नोंदणीवाचून रुग्णाला हात लावणे हा गुन्हा.

१०/
ब्रिटनमध्ये स्थानिक डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि ऑस्ट्रियातून फक्त ५० डॉक्टरांना घेण्याचे ठरले. अमेरिकेच्या अनेक राज्यांत नागरिकत्वाची अट होती. तुर्कस्तानने मात्र संधी ओळखली. १९३३ मध्ये इस्तंबूल विद्यापीठाची पुनर्रचना चालू होती. तेथे शल्यविशारद रुडॉल्फ निस्सेन, वैद्यकाचे प्राध्यापक एरिक फ्रांक असे नामवंत बोलावले गेले. ज्यांना कोठेच थारा नव्हता, त्यांच्यासाठी शांघाय उरले. तेथे उतरण्यासाठी व्हिसा लागत नसे.

११/
आणि हिंदुस्थान? ज्यू आपल्याला परके नव्हते. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पुण्याचे ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, ते डेव्हिड ससून स्वतः बगदादहून जाचाला कंटाळून परागंदा झालेले आणि मुंबईत स्थिरावलेले गृहस्थ होते.

१२/
त्याच काळातील एक चित्र डोळ्यांसमोर आणा. बर्लिनमध्ये ज्यू डॉक्टरांच्या पाट्या उतरत होत्या, तेव्हा मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्राएल स्त्रीकडे होती. लंडनला जाऊन त्यांनी स्त्रीरोगशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले होते. पुढे १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच धर्माच्या दोन डॉक्टरांचे नशीब केवळ देशामुळे किती वेगळे असावे!

१३/
निर्वासितांच्या मदतीसाठी १९३४ मध्ये मुंबईत ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ स्थापन झाली. ‘हा माणूस सरकारवर भार होणार नाही’ अशी हमी ही संस्था देई. त्याशिवाय सरकार प्रवेशाला सहसा राजी नसे. नाझी राजवटीच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या अशा निर्वासितांची संख्या हजार-दोन हजारांच्या आसपास मानली जाते. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने ती अगदी थोडी. त्यांत डॉक्टर आणि दंतवैद्य ठळकपणे दिसतात.

१४/
नोंदणीचे नियम येथे ब्रिटनच्या मानाने सैल होते. त्यामुळे काहींनी मुंबईत, काहींनी लाहोरात दवाखाने थाटले, तर काहींना संस्थानांनी बोलावून घेतले. व्हिएन्नाचे डॉ. रॉबर्ट हायलिग यांनी पुढे जयपूरच्या सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकशास्त्र शिकवले. म्हणजे युरोपातील एका उत्तम परंपरेचा अभ्यास राजस्थानातील विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेपाशी मिळाला.

१५/
मात्र येथेही विरोध झाला, आणि तो समजून घेतला पाहिजे. भारतीय डॉक्टरांची स्वतःची जखम ताजी होती. १९३० मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली होती. त्या अपमानाच्या पार्श्वभूमीवरच १९३३ चा भारतीय वैद्यकीय परिषदेचा कायदा आला. आमच्या पदवीला लंडनमध्ये किंमत नाही आणि युरोपातला डॉक्टर मात्र मुंबईत येऊन गोरेपणाच्या वलयावर श्रीमंत रोगी मिळवणार, हे शल्य खोटे नव्हते.

१६/
तरी फरक ध्यानात घ्यावा. बर्लिनमधील डॉक्टर आपल्या सोबत्याची भाकरी हिसकावत होते. मुंबईतील डॉक्टरांना आपली भाकरी जाईल अशी भीती वाटत होती. दोन्ही गोष्टी एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. पण दारात उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने परिणाम जवळजवळ सारखाच. त्याच्या हातातील विद्या दोन्हीकडे नकोशी झाली होती.

१७/
हा वाद राष्ट्रीय नेतृत्वापर्यंत गेला. १९३८ मध्ये युरोपचा दौरा करून परतलेले जवाहरलाल नेहरू ज्यू तज्ज्ञांना हिंदुस्थानात घ्यावे या मताचे होते. त्यात करुणा होती आणि हिशेबही होता. डॉक्टर, शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ देशाला हवेच होते. सुभाषचंद्र बोस यांना हे पटले नाही. मार्च १९३९ च्या पत्रात त्यांनी नेहरूंच्या या विषयावरील ठरावाबद्दल तीव्र आश्चर्य व्यक्त केले. एप्रिलमध्ये नेहरूंनी उत्तर दिले.

१८/
यातला विरोधाभास विलक्षण आहे. याच दोघांच्या पुढाकाराने काँग्रेसने जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून निघाले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर. परक्या देशाला डॉक्टर देण्यात आपण उदार होतो. परक्या डॉक्टरांना घेण्यात मात्र बिचकत होतो.

१९/
आणि योगायोग असा की चीनमध्ये कोटणीसांची गाठ पडली ती अशाच एका निर्वासित डॉक्टरशी. हान्स म्युलर हा ड्युसेलडॉर्फचा तरुण. वडील ज्यू असल्याने त्याला जर्मनीत भवितव्य नव्हते. म्हणून त्याने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वैद्यकाची पदवी घेतली आणि १९३९ मध्ये तो हाँगकाँगमार्गे यानानला पोहोचला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो भारतीय डॉक्टरांसह ताइहांग पर्वतातील आघाडीकडे गेला.

२०/
एक डॉक्टर आपल्या देशाच्या शुभेच्छा घेऊन आलेला, दुसरा देशाने टाकलेला. काम मात्र एकच. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, चीनमध्येच निवर्तले. म्युलर चीनमध्येच राहिले आणि पुढे तेथे कावीळ-ब रोगाच्या लसीच्या कामात त्यांनी महत्त्वाचा वाटा उचलला. कोटणीसांच्या शेजारचे हे नाव मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच पडते.

२१/
आता पुन्हा नगरला येऊ. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले आणि हिंदुस्थानातील जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांची धरपकड सुरू झाली. पहिल्या महायुद्धातही जर्मन कैद्यांना नगरलाच ठेवले होते. त्यामुळे जागा आणि व्यवस्था सरकारच्या ओळखीची होती. पासपोर्टवर जर्मन राज्याचा शिक्का एवढाच निकष. तो शिक्का धारण करणारा त्या राज्याचा बळी आहे की चाकर, हे पाहायला पहिल्या दिवसांत सवड नव्हती.

२२/
त्यामुळे नाझी आणि नाझींनी नागवलेले एकाच छावणीत आले. पुढे सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून एकेकाची चौकशी झाली. ज्यूइश रिलीफ असोसिएशननेही खटपट केली आणि बहुतेक ज्यू निर्वासित काही महिन्यांत सुटले. पण १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स कोसळला, घबराट पसरली आणि काहींना पुन्हा नजरकैदेत जावे लागले. ब्रिटनमध्येही त्या काळात हजारो ज्यू निर्वासित असेच कोंडले गेले.

२३/
यातून डॉक्टरही सुटले नाहीत. हेर्मान आणि केट सेल्झर हे ज्यू डॉक्टर दाम्पत्य नाझी जर्मनी सोडून लाहोरला आले आणि तेथे त्यांनी वैद्यकी सुरू केली. युद्धकाळात त्यांना लाहोरहून उचलून पुरंदर किल्ल्यावर आणि नंतर साताऱ्याला ठेवण्यात आले. बरोबर लहानगी मुलगी हेझल होती. मुरारबाजीच्या पराक्रमाने ओळखला जाणारा आपला पुरंदर या कुटुंबाच्या आठवणीत नजरकैदेची जागा म्हणून राहिला.

२४/
हिशेब करून पाहा. त्या वर्षांत हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांत डॉक्टरांचा दुष्काळ होता. मलेरिया, देवी, क्षय माणसे नेत होते. आणि दोन शिकलेसवरलेले डॉक्टर किल्ल्यावर दिवस मोजत होते. युद्ध संपल्यावर सेल्झर दाम्पत्य लाहोरला परतले. फाळणीनंतरही, पाकिस्तानात, त्यांनी आपले काम चालू ठेवले. पंजाब पेटलेला असताना पुन्हा एकदा देश सोडून जाणे त्यांनी पत्करले नाही.

२५/
नगरची छावणी १९४१ मध्ये हलली. कैदी देवळालीला आणि तेथून डेहराडूनला गेले. तिबेटवरील पुस्तकामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर हाही याच वाटेने गेला. ऑगस्ट १९४२ मध्ये नगरच्या किल्ल्यात नवे कैदी आले. निर्वासितांना जागा द्या म्हणणारे नेहरू त्यांत होते. येथेच त्यांनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले.

२६/
या डॉक्टरांना काम करू दिले असते तर काय झाले असते? याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडते. लुडविग गुटमान हे ब्रेस्लाऊचे मज्जासंस्थेचे डॉक्टर. १९३३ मध्ये त्यांची नोकरी गेली. मग ते तेथील ज्यू रुग्णालयात रुजू झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री सिनेगॉग जळत असताना त्यांनी आदेश दिला, जो दारात येईल त्याला रुग्ण म्हणून दाखल करून घ्या. दुसऱ्या दिवशी गेस्टापो आली; गुटमान यांनी एकेकाचा ‘आजार’ समजावून सांगितला आणि सुमारे ६० जणांची अटक टळली.

२७/
मार्च १९३९ मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला पोहोचले. सुरुवातीची काही वर्षे तेथे त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने संशोधन आले; रुग्ण फारसे नाहीत. १९४४ मध्ये स्टोक मँडेविल येथे पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग निघाला आणि त्याची सूत्रे त्यांना मिळाली. असे रुग्ण मरणारच, असे तोवर बहुतेक डॉक्टर धरून चालत. गुटमान यांनी त्यांना कुशीवर वळवत राहण्याची शिस्त लावली, खाटेवरून उठवले आणि खेळायला लावले.

२८/
२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, १६ रुग्णांनी चाकांच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. त्यातून आजचे पॅरालिंपिक जन्मले. १९७२ मध्ये या स्पर्धा जर्मनीत, हायडेलबर्गला भरल्या. ज्या देशाने गुटमान यांची सनद रद्द केली होती, त्याच देशात!

२९/
आणि त्या हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक कोणी जिंकले? सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर यांनी. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेला हा जवान पॅरालिंपिकमध्ये भारताचा पहिला सुवर्णपदक विजेता ठरला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘चंदू चॅम्पियन’ या चित्रपटामुळे ते तुमच्या पिढीला ठाऊक आहेत.

३०/
ब्रेस्लाऊच्या निर्वासिताने इंग्लंडमध्ये रचलेल्या पायावर पेठच्या एका मराठी जवानाचे यश उभे राहिले. गुटमान यांना इंग्लंडने पाच वर्षे उशिरा का होईना, पण रुग्ण सोपवले, म्हणून हे घडले. पुरंदरावर किंवा नगरच्या तारांआड बसलेल्यांपैकी कोण काय करू शकले असते, हे सांगता येत नाही. कारण ती वर्षे त्यांना मिळालीच नाहीत.

३१/
सनद रद्द करायला राज्यसत्तेला एक कागद पुरतो. माणसाच्या बोटांतले कसब मात्र त्या कागदाने जात नाही. ते त्याच्याबरोबर सीमा ओलांडते आणि नवी जागा मिळेपर्यंत वाट पाहते. १९३३ ते १९४५ या काळात आपल्या भूमीने काहींना ती जागा दिली, काहींना दिली आणि काढून घेतली. या दोन्ही गोष्टी आपल्या इतिहासात सोबतच लिहिल्या पाहिजेत.

३२/
अहिल्यानगरचा किल्ला पाहायला गेलात तर नेहरूंची खोली अवश्य पाहा. परतताना शहरातल्या जुन्या लष्करी भागाकडेही एक नजर टाका. १९३९ च्या पावसाळ्याअखेरीस येथे आणलेल्या काही माणसांचा गुन्हा एवढाच होता की त्यांचा छळ करणाऱ्या देशाचाच पासपोर्ट त्यांच्या खिशात होता.

धागा समाप्त. उपयुक्त वाटल्यास इतिहासाची आवड असलेल्या आपल्या मित्रमैत्रिणींपर्यंत जरूर पोहोचवा.